आपली वेबसाइट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. आज शहापूर-मुरबाडमध्ये बहुतेकांच्या हातात स्मार्टफोन आहेत. तरीही माहुलीच्या पायथ्याशी घरगुती जेवण देणारे, गडवाटा दाखवणारे किंवा वारली चित्रं काढणारे अनेकजण वेबसाइटचं नाव काढताच मागे सरतात. त्यामागचे काही समज तपासून घेऊ.

गैरसमज : फेसबुकवर पान आहे, मग वेबसाइट कशाला?
वस्तुस्थिती : तिथले नियम आपल्या हातात नसतात. गुगलने बिझनेस प्रोफाइलसोबत दिलेल्या मोफत वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. पत्रकांवर, पाट्यांवर छापलेले ते पत्ते निकामी झाले. फेसबुक आणि गुगल मॅप्सवर जरूर असा, पण कायमचा पत्ता स्वतःचा हवा.

गैरसमज : डोमेन आणि होस्टिंग एकच.
वस्तुस्थिती : डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे फाइली ठेवायची जागा. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहतो.

गैरसमज : होस्टिंगला दरवर्षी हजारो रुपये लागतात.
वस्तुस्थिती : ओळख, फोटो, नंबर आणि येण्याची वाट एवढंच सांगायचं असेल, तर साधी स्टॅटिक पानं पुरतात. ब्लॉगरवर कोडिंगशिवाय पान तयार होतं आणि स्वतःचं डोमेनही जोडता येतं. थोडं एचटीएमएल शिकायची तयारी असेल तर गिटहब पेजेस आहे. तिथे १ जीबीपर्यंतची साइट मोफत ठेवता येते. ऑनलाइन विक्रीसाठी मात्र ती जागा नाही.

गैरसमज : वेबसाइट इंग्रजीतच हवी.
वस्तुस्थिती : युनिकोडमधली मराठी शोधात सापडते. देवनागरीतलं ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे.

गैरसमज : मोठे फोटो, हलती चित्रं म्हणजे चांगली साइट.
वस्तुस्थिती : घाटात रेंज कमी होते. वेग सेकंदाला २५६ किलोबिटवर आला, तर ४ एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं लागतात. तोच २०० केबीचा केला, तर सहा-सात सेकंद. कल्याणहून माळशेजला निघालेला पाहुणा दोन मिनिटं थांबत नाही. फोटो लहान करा आणि फोन नंबर सगळ्यात वर, बोट लावताच कॉल लागेल असा द्या.

गैरसमज : करून देणाऱ्याकडे सगळं सोपवलं की झालं.
वस्तुस्थिती : पान कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा आणि ओटीपी स्वतःच्याच मोबाइलवर येऊ द्या. तो माणूस उद्या गाव सोडून गेला, तरी आपला पत्ता आपल्याकडेच राहील. पैसे देण्याआधी एवढं पक्कं करून घ्या.