साडेआठ हजार तास

मे महिन्यात शेंडी गावाच्या वर, भंडारदऱ्याच्या पाण्याकडे तोंड केलेल्या उतारावर, पोकलेनचा आवाज थांबत नाही. कुठे भातखाचराचा बांध सरळ होतोय, कुठे रिसॉर्टसाठी डोंगराचा कोपरा खाल्ला जातोय. सगळ्यांना सगळं जूनच्या आत उरकायचं असतं, कारण घाटघरकडचा पाऊस एकदा सुरू झाला की असलं वीस टनांचं धूड चिखलात जाग्यावर बसतं. त्या आवाजांत एक आवाज वेगळा लागला. चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा, दमेकऱ्याच्या श्वासासारखा. गाडी बाजूला घेतली आणि वर चढलो.

मशीन सेकंडहँड होतं. मालक तालुक्यातलाच तरुण, कर्ज काढून नुकतंच घेतलेलं. नमस्कार झाल्या झाल्या त्याने पहिली गोष्ट सांगितली ती मीटरची. "फक्त साडेआठ हजार तास चाललंय, दादा." मी आत डोकावलो. मीटरवर खरंच ८,५०० च्या आसपासचा आकडा होता. पण पायाखालच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं, आणि बकेटच्या पिना एवढ्या ढिल्या की ती हवेत उचलल्यावर डावी-उजवीकडे डुलत होती. साडेआठ हजार!

तक्रार अशी की डायल पूर्ण फिरवला तरी रेस टिकत नाही. पडद्यावरचा आकडा १,४०० आणि १,९०० च्या मधे झुलतोय. याला या धंद्यात 'हंटिंग' म्हणतात. आधी एका मेकॅनिकने डिझेलचे फिल्टर बदलले. ते ठीकच, पहिला संशय तिथेच घ्यायचा. दुसऱ्याने पाच मिनिटं बघून 'कंट्रोलर गेला' असं सांगितलं आणि मोबाइलवर दोन लाखांचा आकडा पाठवला. 'कंट्रोलर गेला' हे या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे. डबा सीलबंद असतो, आत काय झालं ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

तिसरे मिस्त्री संगमनेरहून आले होते. पन्नाशी ओलांडलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर, हाताला डिझेलचा कायमचा वास. त्यांनी लगेच पाना हातात घेतला नाही. बकेट जमिनीला टेकवायला लावली, लॉकचा दांडा ओढून घेतला आणि ऑपरेटरला विचारलं, "गरम झाल्यावर करतं का थंडच?" ऑपरेटर बिहारचा पोरगा. म्हणाला, "थंडच करतं. पण खडकात ब्रेकर चालवला की जास्त." मिस्त्रींनी मान हलवली. ब्रेकर म्हणजे हादरे, आणि हादरे म्हणजे वायरिंग, एवढं त्यांच्या मनात तेव्हाच आलं असावं. बोलले मात्र नाहीत.

या पिढीच्या मशीनमध्ये ऑपरेटरचा डायल इंजिनाला थेट जोडलेला नसतो. डायलमधून एक व्होल्टेज कंट्रोलरकडे जातं, कंट्रोलर एका छोट्या मोटरला हुकूम देतो, ती मोटर दांडीने डिझेल पंपाचा लिव्हर ओढते. मोटरच्या पोटात आणखी एक सेन्सर असतो. लिव्हर कुठे पोचला हे तो उलट कंट्रोलरला कळवतो. शिवाय हातातले दांडे तीन-चार सेकंद मोकळे सोडले की डिझेल वाचवायला रेस आपोआप खाली येते, त्याचे प्रेशर स्विच वेगळे. म्हणजे रेस पडते म्हणाल तर संशयित अर्धा डझन: डिझेल, डायल, मोटर, सेन्सर, स्विच, आणि जास्त ताकद खाणारा हायड्रॉलिक पंप. सगळ्यांचं लक्षण एकच.

मिस्त्रींनी आधी ऑटोचं बटण बंद केलं. झुलणं तसंच. मग ते बॉनेटवर चढले, दोन नट सोडून मोटरची दांडी काढली आणि पंपाचा लिव्हर नुसत्या अंगठ्याने दाबला.

इंजिन एका दमात चढलं आणि तिथेच थांबलं. दोन हजाराच्या वर, सरळ, न थरथरता. मिस्त्री डोळे मिटून, अंगठा तसाच दाबून उभे होते. अर्धा-एक मिनिट असेल. खालून मालक ओरडला, "झालं का नीट?" त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या अंगठ्याने एवढ्यात निम्मे संशयित सोडून दिले होते: डिझेल पोचतंय, हवा घेत नाही, डिझेल पंप ठीक आहे. दुखणं विजेत आहे. दोन लाखांच्या डब्याआधी करायची ही तपासणी फुकट होती, आणि ती आधीच्या दोघांनीही केली नव्हती.

बाकीचं मल्टिमीटरने झालं. डायलला पाच व्होल्ट मिळत होते, आणि तो फिरवला की व्होल्टेज सलग चढत होतं. मोटरच्या सेन्सरचं व्होल्टेजही स्थिर होतं. पण मिस्त्रींनी वायरिंगचा गुच्छ हाताने हलवला तसा आकडा शून्याला जाऊन परत आला. शून्य दिसलं की कंट्रोलरला वाटतं लिव्हर मागे गेला; तो मोटरला पुढे ढकलतो, तेवढ्यात खरा आकडा येतो, की परत मागे खेचतो. एवढंच ते झुलणं. केबिनच्या फळीखाली क्लॅम्पवर घासून तार उघडी पडली होती. शेजारचा कपलर उघडला तर पिनांवर हिरवा, चिकट थर. आणि कुणीतरी पूर्वी अर्थिंगची तार तोडून, पिळून, काळी टेप गुंडाळून 'डायरेक्ट' केलेली. सेकंडहँड मशीन घेताना आधीच्या प्रत्येक मेकॅनिकचा जुगाडही विकत मिळतो.

तार सोल्डर झाली, कपलर साफ झाला. दांडी परत लावताना कळलं की तिची लांबीही कुणीतरी बदललेली होती. मूळ दोष झाकायला असणार. ती मोजून सरळ केली. मग किल्ली ठरावीक क्रमाने चालू-बंद करून कंट्रोलरला मोटरची दोन्ही टोकं नव्याने शिकवली. याला घाईत फाटा देतात आणि आठवड्याने गिऱ्हाईक परत येतं.

रेस सरळ झाली. मालक पेढे मागवायच्या बेतात होता. मिस्त्री म्हणाले, "थांबा शेठ, तेल तापू द्या." तोवर आम्ही झाडाखाली बसलो. खाली विल्सन धरणाची दगडी भिंत दिसत होती. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला संपलं. प्रवरेचं पाणी अडवलं ते खालच्या शेतांसाठी. आता त्याच पाण्याचा 'व्ह्यू' विकायला वरचा डोंगर कापला जातोय. मालकाला हे बोललो नाही. त्याचा हप्ता तासांवर फिटतो, आणि असलं मशीन तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल पितं.

तेल तापल्यावर बूम टोकापर्यंत उचलून दांडा तसाच ओढून धरायला लावला, म्हणजे हायड्रॉलिक पंपावर पूर्ण भार येतो. रेस १,५५० वर आली आणि काळा धूर निघाला. मिस्त्रींचं म्हणणं, दोनशे-अडीचशे पडली तर चालतं. इथे जवळपास पाचशे गेली होती. "एक तर पंप जास्त ओढतोय, नाहीतर इंजिन थकलंय. ते आज सांगणार नाही. पण साडेआठ हजार तास..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मालक मीटरकडे बघत राहिला.

मजुरी तीन हजार झाली. मशीन या मोसमापुरतं चालेल, पावसाळ्यात पंप खोलावा लागेल, असा मिस्त्रींचा निकाल.

सेकंडहँड पोकलेन घ्यायला निघाला असाल तर थंड इंजिन ऐकून इसार देऊ नका. तासभर काम करवून घ्या, तेल तापू द्या, मग भार टाकून रेस किती पडते ते आपल्या डोळ्यांनी बघा. नवी कोरी काळी टेप कुठे दिसतेय का, तेही बघा. विकणारा तासभर चालवू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवा.