जिरेनियम लावायचंय? आधी तेलाचं गिऱ्हाईक ठरवा



"जिरेनियमची रोपं घ्या, तेल आम्हीच परत विकत घेऊ" असं सांगणारे एजंट गावोगाव भेटतात. शिरूर आणि दौंडच्या बऱ्याच सभासदांनी याबद्दल विचारलं, म्हणून हा मेसेज.

पीक खोटं नाही. अत्तर, साबण, कॉस्मेटिकवाल्यांना हे तेल लागतं. एकदा लावलं की दोन-तीन वर्षं कापणी चालते, जनावरंही तोंड लावत नाहीत. पण उसाला जशी एफआरपी आहे तसं इथं काही नाही. हमीभाव नाही आणि मार्केट यार्डात लिलावही नाही.

हिशोब असा करा. 1 टन ओल्या पाल्यातून साधारण 1 किलो तेल निघतं, कधी 800 ग्रॅमच. एकरी एका कापणीला 8 टन पाला धरला तर 8 किलो तेल. दर किलोमागं 1,000 रुपयांनी उतरला की त्या कापणीचे 8,000 गेले. कुणी टनाला अडीच-तीन किलो तेल सांगत असेल तर तिथंच हात जोडा.

एकराला 10,000 च्या आसपास रोपं लागतात. रोप 5 रुपयाला धरलं तरी 50,000 रुपये पहिल्याच दिवशी जातात. रोपं विकली की एजंटचा धंदा झाला, पुढं तेल पडून राहिलं तरी त्याचं काय जातंय? त्यापेक्षा 5 गुंठे लावा. जिरेनियम फांदीच्या कटिंगपासून होतं, म्हणजे पुढची रोपं आपल्याच रानात तयार होतात. पावसाळ्यात मात्र मातृरोपं कुजतात. त्यासाठी लखनौच्या सीमॅप संस्थेनं साध्या प्लॅस्टिकच्या छपराखाली ती जगवायची स्वस्त पद्धत दिली आहे.

भीमा-घोड काठच्या भारी काळ्या रानात पाणी साचतं, तिथं मूळकूज ठरलेली. निचऱ्याची जमीन, गादीवाफा आणि ठिबक असेल तरच विचार करा.

पहिली कापणी साधारण चार महिन्यांनी. पानाचा लिंबासारखा वास जाऊन गुलाबासारखा येऊ लागला की कापायचं. कापलेल्या पाल्याचा ढीग लावू नका, तो तापतो आणि तेल घटतं. म्हणून डिस्टिलेशन युनिट जवळ हवं. लांबच्या युनिटला ट्रॉली नेण्यात भाडंही जातं, तेलही जातं. तेलातलं पाणी पूर्ण काढून काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात, काठोकाठ भरून, सावलीत ठेवा. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये नको.

करारात दर, पैसे किती दिवसांत, डिस्टिलेशनचा खर्च कुणाचा आणि तेलाची जीसी टेस्ट कुठं होणार, हे लेखी हवं. टेस्ट घेणाऱ्याच्याच लॅबमध्ये असेल तर दुसरा नमुना सीलबंद करून आपल्याकडं ठेवा. "बाजारभावाप्रमाणे खरेदी करू" एवढंच लिहिलं असेल, तर तो करार नव्हे.

सही करायच्या आधी कराराच्या सगळ्या पानांचे फोटो याच नंबरवर पाठवा. अॅडव्हान्स त्यानंतर.