तोच कृमी, तीच जोडणी; पोट मात्र रिकामे

'सी. एलिगन्स' हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी कुजक्या फळापानांतले जिवाणू खाऊन जगतो. त्याच्या चेतापेशी अवघ्या ३०२. त्या एकमेकींना कुठे नि कशा जोडलेल्या आहेत, याचा आराखडा केंब्रिजमधल्या जॉन व्हाइट, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. जोडणी कळली की वागणेही उलगडेल, ही अपेक्षा गैर नव्हती. पण ती अपुरी ठरली. कृमी कुठे थांबेल, कुठे वळेल हे नुसत्या आराखड्यावरून सांगता येत नाही, कारण तीच जोडणी भरल्या पोटी एक निर्णय देते आणि उपाशीपोटी दुसरा. हा फरक घडवतात चेतापेशींनी सोडलेली रसायने.

खाद्यात शिरताच कृमी मंदावतो. त्यामागे डोपामिन आहे, आणि त्याला चालना देतो तो जिवाणूंचा निव्वळ स्पर्श; निर्जीव बारीक मणी पसरले तरी कृमी फसतो! उपाशी कृमी खाद्य भेटल्यावर याहून कितीतरी जास्त मंदावतो, आणि ते काम सेरोटोनिनचे, असे हॉर्विट्झ यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले. उपासाने अंगात त्राण उरले नसेल, अशी शंका कोणी घेईल. पण हाच कृमी खाद्य नसलेल्या जागी चांगला सरपटत असतो. मग याला अशक्तपणा कसा म्हणायचा? सेरोटोनिन म्हणजे सरसकट 'थांबा' असा हुकूमही नव्हे: तेच रसायन घशाचे आकुंचन वाढवते, अंडी घालायला लावते. म्हणजे आराखडा निरुपयोगी नाही. रसायन कोणत्या पेशीवर पोहोचते, यावर त्याचा अर्थ ठरतो.

तापमानाची गोष्ट याहून रंजक आहे. २० अंशांवर खाऊनपिऊन वाढलेला कृमी थंड-उष्ण उतारावर सोडला, तर २० अंशांच्या पट्ट्याकडे वळतो, हे हेजकॉक आणि रसेल यांनी १९७५ मध्ये नोंदवले. उपासानंतर ही ओढ नाहीशी होते. कृमी त्या तापमानाला टाळतो की नुसते दुर्लक्ष करतो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तो ते तापमान विसरतो, हे सर्वांत सोपे उत्तर झाले असते. पण नागोया विद्यापीठात इकुए मोरी यांच्या गटाने उपाशी कृमींना नव्या तापमानात पुन्हा खाद्य दिले, तेव्हा ते आधी उपासाच्या जुन्या तापमानाकडेच ओढले गेले आणि नवे तापमान सावकाश शिकले.