चित्रपटाचा गल्ला आणि नफा

एखाद्या चित्रपटानें इतके कोटी मिळविले, अशी वार्ता वाचली कीं निर्माता मालामाल झाला असें सामान्य वाचक समजतो. वस्तुतः वार्तेंतील तो आंकडा निर्मात्याचा नफा तर नसतोच. पण त्याचें उत्पन्नहि नसतें. प्रेक्षकांनीं जगभर तिकिटांसाठीं दिलेल्या पैशाची ती केवळ बेरीज असते. हा भेद ध्यानांत न घेतल्यास तरलेला चित्रपट कोणता आणि बुडालेला कोणता, याचा निवाडाच चुकतो.

उदाहरणादाखल डिस्ने कंपनीचे दोन चित्रपट घ्यावे. लुइस कॅरलच्या कथांवर आधारलेला, टिम बर्टन यांनीं दिग्दर्शित केलेला 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' मार्च २०१० मध्यें प्रदर्शित झाला. त्याला सुमारें २० कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरचा गल्ला १०२ कोटींच्या वर गेला. जेम्स बॉबिन यांनीं दिग्दर्शित केलेला त्याचा उत्तरभाग 'अ‍ॅलिस थ्रू द लुकिंग ग्लास' मे २०१६ मध्यें आला. त्याचा खर्च सुमारें १७ कोटी, गल्ला सुमारें ३० कोटी. वरवर पाहतां उत्तरभागालाहि १३ कोटींचा फायदा झाला असें दिसतें. तो खरोखर झाला काय?

पहिली वजावट चित्रपटगृहाची. तिकिटाचा पैसा प्रथम तेथील तिजोरींत पडतो. आपला वांटा ठेवून चित्रपटगृहाचा मालक उरलेली रक्कम वितरकाकडे पाठवितो. अमेरिकेंत ती ढोबळ मानानें निम्मी असते; परदेशांत बहुधा त्याहून कमी. चीनमध्यें तर २०१२ च्या करारानुसार अमेरिकन कंपनीचा हिस्सा शेंकडा २५ ठरला. दुसरी वजावट जाहिरातीची. प्रसिद्ध होणाऱ्या निर्मितिखर्चांत प्रचाराचा खर्च धरलेला नसतो, आणि अशा भव्य चित्रपटांच्या बाबतींत तो दहा कोटी डॉलरांच्या घरांत सहज जातो.

आतां दोन्ही चित्रपट एकाच मापानें मोजावे. पहिल्याच्या गल्ल्याचे निम्मे म्हणजे सुमारें ५१ कोटी. त्यांतून निर्मितीचे २० आणि जाहिरातीसाठीं, हात सैल सोडून, १५ कोटी वजा केले तरी १६ कोटी शिल्लक राहतात. उत्तरभागाच्या गल्ल्याचे निम्मे केवळ १५ कोटी. जाहिरातीचा एक पैसाहि न धरतां त्यांत निर्मितीचे १७ कोटी भरून निघत नाहींत. जाहिरातीचे १० कोटी धरल्यास तूट १२ कोटींवर जाते. तेव्हां वरवर दिसणारा नफा हा निव्वळ भास ठरतो.

अर्थात् हिशेब येथेंच संपत नाहीं. चित्रपटगृहांतून उतरल्यावरहि घरगुती चकत्या व दूरचित्रवाणीचे हक्क यांतून पैसा येत राहतो. उत्तरभागाचें चित्रण इंग्लंडांत शेपर्टन येथें झालें. तेथील सरकार अशा खर्चाचा कांहीं अंश करसवलतीच्या रूपानें परत करतें. या गोष्टींनीं तूट कमी होते, पण नाहींशी होत नाहीं. चित्रपटव्यवसायाच्या जाणत्या पत्रांनीं त्या वेळीं सुमारें सात कोटी डॉलरांच्या तोट्याचा अंदाज केला होता.

शेवटीं, नफा कोणाच्या वहींतला, हेंहि विचारणें अवश्य आहे. १९८८ च्या 'कमिंग टु अमेरिका' या चित्रपटाचा गल्ला २८ कोटी डॉलरांच्या पुढें गेला. तरी करारांतील व्याख्येप्रमाणें निव्वळ नफा उरलाच नाहीं, असें पॅरामाउंट कंपनीचें म्हणणें होतें. मूळ कल्पना आपली, असा दावा आर्ट बुकवाल्ड या लेखकानें लावला व जिंकला. नफ्याचें तें सूत्र अन्यायाचें असल्याचा निर्णयहि न्यायालयानें १९९० मध्यें दिला. गल्ला सर्वांच्या कानांवर पडतो. नफा मात्र करारांतील बारीक अक्षरांत दडलेला असतो. म्हणून मोठा आंकडा ऐकतांच टाळ्या पिटण्यापूर्वीं त्यांतून कोणाचें किती वजा व्हावयाचें आहे, एवढें सुज्ञ माणसानें विचारावें.