जुनी आर१५ रोज चालवायला घ्यावी का?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलण्यातलं थोडंफार इकडचं तिकडे केलंय, बाकी तेच आहे.

गेल्या आठवड्यात साताऱ्याकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वय २२, एमआयडीसीत पहिली नोकरी, जाऊन-येऊन रोज ४४ किलोमीटर. दोन वर्षं डबा नेऊन, सिनेमा टाळून त्याने ७० हजार साठवलेत. त्याला हवीय यामाहाची जुनी आर१५. वडील म्हणतात, स्प्लेंडर घे आणि गप्प बस. आणि शेवटी हळूच एक वाक्य होतं: "दादा, आईला पण महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं."

मला ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यावर येतोच. आधी वडिलांच्या बाजूचं गणित मांडू, कारण ते सोपं आहे. ४४ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ११०० किलोमीटर. जुन्या आर१५ने लिटरला ४० दिले असं धरलं तर साडेसत्तावीस लिटर, आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साधारण २९०० रुपये. शंभर सीसीच्या गाडीने ६० दिले तर १९०० च्या आसपास. फरक महिन्याला हजाराचा. पहिल्या पगारात हजार म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, पण फक्त तेवढ्यासाठी दोन वर्षं बघितलेलं स्वप्न मोडावं असंही नाही. खरा खर्च पेट्रोलचा नसतो. जुन्या स्पोर्ट्स बाइकचा खर्च येतो तो आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय त्याचा.

आता आर१५च का, हे थोडक्यात. ही गाडी २००८ साली आली. १४९.८ सीसी, लिक्विड कूलिंग, चार व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, सहा गिअर, डेल्टाबॉक्स फ्रेम. २०११ ला व्हर्जन टू आली: मागे १३० चा रुंद टायर, ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म आणि दोन तुकड्यांची सीट. २०१५ ला त्याच इंजिनावर आर१५ एस आली, सलग लांब सीटची. आणि २०१८ ला १५५ सीसीची व्हर्जन थ्री, जी ७० हजारांत चांगल्या अवस्थेत मिळतेय म्हणून कोणी सांगत असेल तर आधी ती का मिळतेय ते विचारा.

व्हर्जन वन मी त्याला नको म्हणालो, आणि ते गाडी वाईट आहे म्हणून नाही. खासगी दुचाकीच्या आरसीची मुदत १५ वर्षांची असते. २०१० ची गाडी आज घेतलीत तर मुदत संपलेली आहे. मग आरटीओत गाडी तपासून घ्या, नोंदणीचं नूतनीकरण करा, आपल्या राज्यात पर्यावरण कर भरा, आणि ते पुढच्या पाच वर्षांपुरतं. विकणाऱ्याने हे सगळं करून दिलेलं असेल तर विचार करा. "नंतर होऊन जाईल" म्हणाला तर ते तुम्हाला करायचंय हे समजा. २०१३ ची घेतलीत तर २०२८ ला तुमच्यावर हीच वेळ येणार, हेही किमतीत धरा.

आता आई. व्हर्जन टूची मागची सीट उंच, छोटी आणि पुढे झुकणारी आहे. मित्र बसेल, कॉलेजची मैत्रीण हौसेने बसेल. साडी नेसलेली, गुडघे दुखणारी पन्नाशीची बाई त्यावर एका बाजूला बसून गतिरोधक ओलांडेल का? नाही बसवायचं, मंडळी. त्यात जुन्या गाड्यांचा साडी गार्ड पहिल्याच महिन्यात "लूक जातो" म्हणून काढून टाकलेला असतो. म्हणून त्याला माझं उत्तर होतं: आर१५ एस बघ. इंजिन तेच, चालवायची मजा तीच, सीट माणसाची. टाकीवर झोपून फोटो काढायला व्हर्जन टू जास्त देखणी आहे, मान्य. पण तुला महिन्यातून दोनदा आईला न्यायचंय आणि फोटो एकदाच काढायचाय.

तुमच्या शरीराचंही बघा. हँडल खाली, पाय मागे, अंगाचा भार मनगटावर. हायवेला वाऱ्यामुळे तो भार थोडा हलका होतो, गर्दीत अजिबात होत नाही. सिग्नलला रेडिएटरचा फॅन सुरू झाला की गरम हवा मांडीवर येते. हँडल फार वळत नाही, त्यामुळे गल्लीत यू-टर्न घ्यायला दोनदा मागे-पुढे करावं लागतं. टेस्ट राइड म्हणून चौकापर्यंत जाऊन येऊ नका. अर्धा तास चालवा, त्यातली दहा मिनिटं बाजारातून.

आता गाडी बघायला जाताना. फोनवर एकच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर पहिलं काम, इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर चहा पिऊन या, थंड होऊ द्या. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठलं पाहिजे. या गाडीला किक नाही, म्हणजे बॅटरी मेली की विषय संपला. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागून विझायला हवा. लागून तसाच राहिला तर बिघाड आहे. लागलाच नाही तर कोणीतरी तो दिसू नये याची सोय केली असावी, आणि ते जास्त वाईट.

सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण हिच्यात हजारोंचा फरक आहे. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत सिलिंडरला लोखंडी लायनर असतो. तो झिजला की मेकॅनिक बोअर मारतो, मोठा पिस्टन टाकतो, गाडी पुन्हा पळते. आर१५चा सिलिंडर यामाहाच्या डायसिल तंत्राचा आहे, ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा, आत लायनरच नाही. ओरखडे पडले की नेहमीसारखा बोअर मारता येत नाही, अख्खा ब्लॉक बदलायचा. त्यामुळे "थोडं ऑइल खाते, बोअर-पिस्टन करून घ्या, स्वस्तात होईल" असं जो सांगतो त्याला एकतर ही गाडी माहीत नाही, किंवा फार चांगली माहीत आहे.

कूलंटची बाटली बघा. रंगीत द्रव हवा. साधं पाणी किंवा गंजासारखं तपकिरी काही दिसलं तर आत रेडिएटरची काय अवस्था असेल ते ओळखा. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. अशी गाडी सोडून द्या, घासाघीससुद्धा करू नका.

पडझड ओळखायला फेअरिंग बघू नका. ते नवीन मिळतं, स्टिकर तर त्याहून सहज. हँडलची टोकं, ब्रेक-क्लच लिव्हरचे गोळे, फूटरेस्टची टोकं बघा, तिथल्या खरचटण्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मग हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवा आणि ते जिथे अडतं तो फ्रेमवरचा खुंटा बघा. तो चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर गाडी जोरात पडलीय. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यभागी खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेलाय. पुढचे शॉकअप दाबून सोडा, नळीवर ऑइलची रेघ उमटली तर सील गेलेत. कोन सेट आणि सील होऊन जातात, त्यांचे पैसे किमतीतून कापा. फ्रेमचे पैसे कापून उपयोग नाही.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीनसारखी असली तरी सहा-सात वर्षांचं रबर पावसाळ्यात खंबाटकी घाटात तुमची परीक्षा बघणार. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन ओढा. दात दिसण्याइतकी सुटत असेल, किंवा दात एका बाजूला हुकासारखे वाकले असतील, तर पूर्ण किट बदलायचंय. आमच्या श्रोत्याचं रनिंग वर्षाला तेरा हजारांच्या वर जाणार, त्यामुळे हे किट त्याला पुढेही लागतच राहील.

आणि हो, पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. घाबरायचं काम नाही, पण दहा वर्षं जुनी रबरी फ्युएल पाइप पहिल्याच सर्व्हिसला बदला आणि टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला असेल तर मूळ सायलेन्सर सोबत मागून घ्या. तो नसेल तर त्याची किंमत वजा. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली जातानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

७० हजारांतले सगळे ७० गाडीत घालू नका. मी त्याला ५५ ची मर्यादा घालायला सांगितली. उरलेल्या १५ मध्ये टायर, चेन किट, ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, नावावर करण्याचा खर्च आणि एक धड हेल्मेट. ५५ मध्ये चांगली एस मिळाली नाही तर दोन महिने थांबायचं, बसने जायचं.

कागदांवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इंजिन फसवतं ते पैशाला, कागद फसवतात ते आयुष्याला. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका: नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा दिसतो. महाट्रॅफिकवर थकलेली चलनं दिसतात. चॅसीस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी जुळवा, चिखल पुसून. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी बसवलीय का तेही बघा.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती ओपन टीटीमध्ये. म्हणजे विकणारा आरसीवरचा मालक नसतोच. मूळ मालकाने फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिलेल्या असतात आणि गाडी तीन हातांतून फिरून तुमच्यासमोर उभी असते. "काही होत नाही, सगळे असेच फिरवतात." होतं. सही जुळली नाही, मूळ मालक भेटला नाही, की गाडी कधीच तुमच्या नावावर येत नाही. आणि उलट बाजूने बघा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हात बदलो. म्हणून उद्या तुम्ही तीच गाडी विकाल तेव्हाही फॉर्म कोरा देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी लागते आणि कर पुन्हा भरावा लागू शकतो, त्यामुळे बेळगावची स्वस्त गाडी साताऱ्यात येईपर्यंत स्वस्त राहत नाही.

विमासुद्धा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलल्याशिवाय अडकतो. आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर मिळत नाही, त्यामुळे "बोनससकट देतो" असं कोणी म्हणालं तर हसून विषय बदला.

गाडी बघायला एकटे जाऊ नका, ओळखीचा मेकॅनिक न्या आणि त्याचे दोन-चारशे रुपये हातावर ठेवा. तुमच्या मनात वेगळी गाडी असेल, करिझ्मा, सीबीआर किंवा जुनी निन्जा, तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट पाठवा. वर्ष, किलोमीटर आणि आरसीवर कितवा मालक आहे ते सांगायला विसरू नका.