अस्थिर पृष्ठवंशभग्न : निदान, प्रथमोपचार व आपली मर्यादा

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत पृष्ठवंशास आघात होण्याची कारणे नित्याचीच आहेत. चिंच, मोहाच्या टोळ्या वा मध काढताना झाडावरून पडणे, सिरोंचा भागात ताडावरून पडणे, पावसाळ्यापूर्वी कौले चाळताना घसरणे, कोळसा खाणीतील अपघात आणि दुचाकीचे अपघात ही त्यांतील प्रमुख होत. असा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. तेथे घेतलेल्या निर्णयावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते. म्हणून या विषयाचा थोडक्यात परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

अस्थिर म्हणजे काय?

डेनिस यांनी १९८३ साली पृष्ठवंशाचे तीन स्तंभ कल्पिले. कशेरुकेचा पुढील अर्धा भाग हा पूर्वस्तंभ, मागील अर्धा भाग हा मध्यस्तंभ आणि कमान, लहान संधी व त्यांचे स्नायुबंध मिळून पश्चिमस्तंभ होतो. यांपैकी दोन स्तंभ भंगले असता भग्न सामान्यतः अस्थिर मानावे. अशा स्थितीत हालचाल होताच अस्थिखंड सरकून सुषुम्नेवर दाब येऊ शकतो. उंचावरून पडल्यास बारावी पृष्ठकशेरुका व पहिली कटिकशेरुका यांच्या परिसरात भग्न अधिक आढळते. सुषुम्नाही साधारणतः तेथेच संपते. टाचेवर पडलेल्या रुग्णाच्या टाचेचे हाड मोडले असेल, तर पाठही अवश्य तपासावी.

वृद्धांमध्ये हाडे ठिसूळ होऊन कशेरुका पुढे दबते. असे भग्न बहुधा स्थिर असते. आघात किरकोळ असून ज्वर व कृशता असल्यास कशेरुकाक्षयाची शंका घ्यावी.

परीक्षण

रुग्ण चालत आला म्हणजे भग्न नाही, असे समजू नये. त्यास उठवून वा वाकवून पाहू नये. मणक्यावर नेमकी स्पर्शासह्यता, दोन कंटकांमधील पोकळी किंवा पायरी ही महत्त्वाची लक्षणे होत. दोन्ही पायांचे बळ, तळव्यांची व गुदपरिसराची संवेदना आणि मूत्रावरोध पाहून वेळेसह लिहून ठेवावे. थोड्या वेळाने पुन्हा पाहावे, कारण लक्षणे वाढत असल्यास निकड अधिक असते. रक्तदाब कमी असून नाडी मंद असेल तर सुषुम्नाघात संभवतो; तथापि आंतरिक रक्तस्रावाचा विचार सोडू नये. निश्चितीसाठी क्ष-किरण व सी.टी. स्कॅन, तसेच सुषुम्ना व स्नायुबंध पाहण्यासाठी एम.आर.आय. आवश्यक ठरते.

सुश्रुतांचा दृष्टिकोन

निदानस्थानाच्या १५ व्या अध्यायात सुश्रुतांनी पृष्ठाचे भग्न वर्ज्य मानले आहे. चिकित्सास्थानाच्या ३ ऱ्या अध्यायात मात्र जंघा व ऊरूच्या भग्नासाठी कपाटशयन आणि पाच कीलकांचे बंधन सांगून तोच विधी पृष्ठवंशासही लागू केला आहे. आमच्या मते या दोहोंत विरोध नाही. साध्यता संशयित असली तरी निश्चलता हा पहिला उपचार होय, हाच त्याचा आशय.

प्रथमोपचार व वाहतूक

दुर्गम गावांतून रुग्णास खाटेवर खांद्यावरून आणतात. झोळ पडलेल्या खाटेत पाठ वाकते व अस्थिर भग्नात धोका वाढतो. त्याऐवजी घराचे दार किंवा रुंद फळी घ्यावी. कपाटशयनातील 'कपाट' म्हणजे दारच. त्यावर गोधडी घालावी. चौघांनी मिळून डोके, खांदे, कंबर व पाय एका रेषेत ठेवून, एकाच्या इशाऱ्यावर रुग्णास वळवून घ्यावे. मानेच्या दोहो बाजूंस कापडाच्या गुंडाळ्या लावून छाती, कंबर व पाय फळीस बांधावेत. वांती झाल्यास सर्व शरीर एकत्रच कुशीवर करावे. तोंडाने काही देऊ नये. संवेदना गेलेल्या भागी लवकर शय्याव्रण होतात. म्हणून रुग्णालयात पोहोचताच फळी काढणे इष्ट.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, शल्यसुविधा असलेल्या रुग्णालयास आधी कळवावे. चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गंभीर रुग्णास नागपूरलाही न्यावे लागते.

पुढील चिकित्सा

सुषुम्नेवर दाब वा अस्थिरता असल्यास स्क्रू व सळ्यांनी स्थिरीकरण करतात. निवडक रुग्णांत पट्टा पुरेसा होतो. हा निर्णय अस्थिशल्यज्ञाचा आहे. अभ्यंग, कटिबस्ती, कर्षण व मर्दन या काळात सर्वथा निषिद्ध होत. हाडवैद्याकडे जाण्यापासूनही रुग्णास परावृत्त करावे.

स्थिरता सिद्ध झाल्यावर, शल्यज्ञाच्या संमतीने आपले कार्य सुरू होते. लाक्षादि गुग्गुळ, दूध, तूप व मांसरस यांचा अग्निबलानुसार विचार करावा. लवण, कटु, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, आतप व व्यायाम सुश्रुतांनी वर्ज्य सांगितले आहेत. पंगुत्व आलेल्या रुग्णास दर दोन तासांनी कूस बदलणे व मूत्रमार्गाची निगा हे औषधाइतकेच मोलाचे आहे.

औषधी विक्रेत्यांस विनंती

पाठदुखीसाठी तेल वा वेदनाशामक मागणाऱ्यास चार प्रश्न विचारावेत : पडलात का? पायांत मुंग्या वा अशक्तता आहे का? लघवी अडली आहे का? मणक्यावर बोट ठेवताच कळ येते का? पडल्यानंतर यांपैकी एकही लक्षण असल्यास तेलाची बाटली देऊ नये. रुग्णास तेथेच आडवे करून वैद्यास बोलवावे. वेदना शमली तरी भग्न राहतेच, आणि बरे वाटलेला रुग्ण पुन्हा ओझे उचलतो. पायांतील बळ एकदा गेले की ते परत येईलच याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही.