किती वॅटचा घ्यावा?

घरासाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा म्हटलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. ‘किती वॅटचा घ्यावा?’ सोनं तोळ्यावर घ्यावं तसा आपण आवाज वॅटवर घेतो. १९९०च्या दशकातल्या टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’ असं लिहिलेली चमकदार चिकटपट्टी असायची, ती पुष्कळांना आठवत असेल. शेकडो वॅटचा तो आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात सलग ताकद त्याच्या पासंगालाही पुरायची नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच: आठ ओहमच्या स्पीकरला, दोन्ही चॅनेल चालू असताना, सलग किती वॅट? या सलग ताकदीलाच दुकानात ‘आरएमएस’ म्हणतात.

त्यातही एक गंमत आहे. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटनं जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात! तेव्हा ५०च्या जागी १०० वॅट घेण्यापेक्षा ८७ऐवजी ९० डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर निवडला, तरी फळ तेच. आपल्या दिवाणखान्यात संध्याकाळी गाणं लागतं, तेव्हा सरासरी एखाद-दोन वॅटच खर्च होत असतात.

मग बाकीचे वॅट कशाला? तबल्याच्या थापेसाठी. ती थाप क्षणभर सरासरीच्या दहापट, कधी त्याहूनही जास्त ताकद मागते. ती पुरवता आली नाही, की ध्वनिलहरीचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. माझ्या आईला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून आम्ही आवाज वाढवतो. फाटका आवाज तिला पाच मिनिटंही सोसत नाही. ‘बंद करा रे ते,’ म्हणते. स्वच्छ असेल तर तोच मोठा आवाज तासभर ऐकत बसते. घरात प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं वाजण्याच्या या दिवसांत, सगळ्यांनी एकत्र बसून ऐकण्याचा तो तास मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून दुकानात आधी गाणं न लावताच आवाजाचं बटण अर्ध्यापर्यंत फिरवावं आणि स्पीकरजवळ कान न्यावा. घरघर किंवा सूं-सूं ऐकू आली तर पुढं जाऊ नये. नंतर बटण मागं आणून आपलं नेहमीचं गाणं, शक्यतो नुसत्या तानपुऱ्यावर सुरू होणारं, हळू आवाजात लावावं. हळू आवाजातही जवारी सुटी ऐकू आली पाहिजे. दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखीच ठेवायला सांगावी. किंचित मोठं वाजणारं यंत्र कानाला नेहमीच सरस भासतं आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

माळ्यावर जुन्या एलपी असतील तर ‘फोनो’ची सोय आहे का, तेही पाहावं. तबकडीच्या सुईतून येणारा संकेत व्होल्टच्या काही हजारांश भागांएवढा, तर सीडी प्लेअरचा सुमारे दोन व्होल्ट. शिवाय तबकडीवर खर्ज कमी आणि तार स्वर वाढवून कोरलेले असतात. फोनोचं सर्किट ते पुन्हा मूळपदावर आणतं.

खिशातल्या पैशांतला मोठा वाटा स्पीकरसाठी राखून ठेवावा. अ‍ॅम्प्लिफायर घरी आला की बंद शोकेसमध्ये कोंडू नये आणि वर क्रोशाचा रुमाल तर मुळीच घालू नये. बिचाऱ्याला श्वास घ्यायचा असतो.

आणि निवड करायला जाताना घरातलं जे माणूस सर्वांत आधी ‘बंद करा’ म्हणतं, त्याला अगत्यानं बरोबर न्यावं. वॅटचा आकडा त्याला कळणार नाही. पण ते खुर्चीत टेकून बसलं, की पाकिटाला हात घालायला हरकत नाही.